काय दाखवायचं नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपात काम करणाऱ्या एका मराठी समुपदेशक बाईंकडे युक्रेनमधल्या नऊ मुलामुलींचा गट आहे. वयं १६ ते २३, सगळे एचआयव्हीसह जगणारे. काही अजून देशातच आहेत, काही पोलंड आणि जर्मनीत पोचलेत. फोटोंच्या माध्यमातून, 'फोटोव्हॉइस' या पद्धतीने, या गटाबरोबर काम करावं असं बाईंना वाटतं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: युद्ध चालू असताना हे शहाणपणाचं आहे का, करायचं तर कसं, आणि यातून खरंच काही हाती लागतं का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. फोटो काढल्याने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, उतरत नाही. तो गोळ्यांनी उतरतो. पैसे देणाऱ्या संस्थेला अर्ज लिहिताना 'औषधांतील सातत्य वाढेल' असं वाक्य टाकायचा मोह होईल, तो टाळा. मी इतकी वर्षं किशोरवयीन मुलांचे फोटो-गट चालवतोय, आणि छातीठोकपणे एकच गोष्ट सांगू शकतो. फोटो समोर असला की दोन माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बोलता येतं. समुपदेशकाच्या खुर्चीसमोर 'बरं आहे' यापलीकडे न जाणारा मुलगा स्वतः काढलेल्या फोटोतल्या भिंतीवरच्या डागाबद्दल वीस मिनिटं बोलतो, आणि त्या वीस मिनिटांत कधीतरी आईचा विषय निघतो. मला तरी एवढं पुरतं.

आता युद्धाचं. २४ फेब्रुवारी २०२२ ला पूर्ण आक्रमण सुरू झालं तेव्हा युक्रेनमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांची अंदाजे संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. पूर्व युरोप आणि मध्य आशियात रशियानंतर सगळ्यात मोठी साथ इथलीच. औषधांचा साठा संपत आला होता. त्या वसंतात पेपफार या अमेरिकेच्या एचआयव्हीसाठीच्या निधीतून १ कोटी ८० लाख मात्रांची सोय झाली. मुख्यतः टीएलडी: टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. आकडा वाचून हायसं वाटतं. पण गोळी देशात असणं वेगळं आणि तुमच्या पाठपिशवीत असणं वेगळं. हल्ल्याच्या वेळी मेट्रो स्टेशनच्या फलाटावर, आसऱ्याला आलेल्या तीस अनोळखी लोकांच्या मधोमध पिशवीतून डबी काढून गोळी घेणं, हे त्याहूनही वेगळं. फोटो याच तिसऱ्या गोष्टीचे येतात.

एक सांगतो. माझ्या तिथल्या एका गटात एका मुलाने फोटो म्हणून चक्क स्क्रीनशॉट पाठवला. फोनच्या पडद्यावर दोन सूचना एकाखाली एक दिसत होत्या. वरची हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याच्या अ‍ॅपची, खालची रोज रात्री नऊच्या गजराची. गजराचं नाव होतं 'मांजराला खायला'. स्क्रीनशॉटला फोटो म्हणायचं का, यावर आधी अर्धा तास वाद झाला. (मी 'नाही' म्हणणाऱ्यांत होतो. हरलो.) मग एका मुलीने विचारलं, तुझ्याकडे मांजर आहे हे कधी सांगितलं नाहीस. त्याच्याकडे मांजर नव्हतंच. बाराव्या वर्षी आपल्याला काय आहे हे कळल्यापासून हे मांजर त्याच्या फोनमध्ये राहत होतं. तळघरात गजर वाजला की शेजारची आजी रोज विचारायची, मांजराला घरी एकटंच ठेवलंस का रे? शेवटी त्याने मांजर मावशीकडे पाठवल्याचं सांगून टाकलं. गट हसून लोळला. हसणं ओसरल्यावर एकेकाने आपल्या गजराचं नाव सांगितलं: 'फिजिक्स', 'आईला फोन', 'व्हिटॅमिन'. सगळ्यांच्याच गजराला काही ना काही खोटं नाव होतं.

या गटांत मला जे दिसत गेलं त्याचं सार त्या स्क्रीनशॉटमध्ये आहे. काय दाखवू नये, काय लिहू नये, फोटोत मागे काय येऊ देऊ नये, हे २०२२ मध्ये अख्ख्या युक्रेनला एका रात्रीत शिकावं लागलं. या मुलांचा त्याचा सराव लहानपणापासूनचा होता. जन्मतः एचआयव्ही असलेली मुलं लेबल खरवडून काढलेल्या बाटल्यांच्या सोबतीनेच मोठी होतात. तेव्हा 'मी त्यांना सुरक्षित फोटोग्राफी शिकवीन' असं मनात असेल तर तो बेत उलटा करा. आधी त्यांना विचारा, तुम्ही काय काय आणि कसं लपवता? पहिली बैठक त्यातच संपते, आणि तुम्ही पाहिलेल्या कुठल्याही सुरक्षा-प्रशिक्षणापेक्षा ती चांगली होते.

तरी कायद्याचं बघावंच लागतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या फौजदारी संहितेत ११४-२ हे कलम आलं. शस्त्रास्त्रांची ने-आण, सैन्याच्या हालचाली आणि ठिकाणं यांची माहिती परवानगीशिवाय पसरवणं हा गुन्हा आहे, आणि परिस्थिती गंभीर असेल तर शिक्षा बारा वर्षांपर्यंत जाते. मुलाने काढलेल्या सुंदर सूर्यास्ताच्या कोपऱ्यात तपासणी नाका किंवा तोफेचं धूड आलं तर तो सूर्यास्त राहत नाही. शिवाय रस्त्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्याकडे लोक हेर म्हणून बघतात, आणि पहिल्या काही महिन्यांत तर फारच बघायचे. म्हणून कॅमेरे वाटू नका. गळ्यात कॅमेरा घातलेला सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे विनाकारण भानगड. फोन पुरे, आणि शक्यतो घरातल्या, हाताच्या अंतरावरच्या गोष्टी. रोल भरायचा जुना कॅमेरा वापरायची हौस काही जणांना असते. पण रोल धुणारा माणूस फोटो बघतो, हे विसरू नका.

गोपनीयतेच्या बाजूने दोन कलमं माहीत असू द्या. १३२ नुसार दवाखान्यातल्या लोकांनी एचआयव्ही तपासणीची माहिती फोडणं हा गुन्हा आहे, म्हणजे हे कलम मुलांच्या बाजूने उभं आहे. १३० मात्र दुसऱ्याला एचआयव्हीच्या धोक्यात टाकणं किंवा संसर्ग देणं याबद्दल आहे. म्हणून एखाद्या मुलीने जोडीदाराबद्दल फोटोखाली मोकळेपणाने चार ओळी लिहिल्या, तर त्या गटाबाहेर नेण्यापूर्वी तिथल्या वकिलाच्या नजरेखालून गेल्या पाहिजेत.

सगळ्यात अवघड प्रसंग ताब्यात गेलेल्या भागांचा. तिथून बाहेर पडणाऱ्यांना रशियाच्या बाजूने 'गाळणी'च्या तपासणीतून जावं लागलं, आणि त्यात फोन उघडून फोटो आणि संदेश तपासले गेले. हे मानवी हक्क संस्थांनी सविस्तर नोंदवलं आहे. गोळ्यांच्या डबीचा फोटो, गटातलं संभाषण, दवाखान्याच्या नावाचा संपर्क, असलं काहीही फोनमध्ये असता कामा नये. म्हणून नियम असा ठेवा: फोटो काढला, पाठवला, पुसला. 'अलीकडे पुसलेले' या कप्प्यातूनही पुसला. आणि ज्याच्या गावाच्या दिशेने आघाडी सरकतेय त्याने फोटो काढूच नये, नुसतं वर्णन सांगावं. एका मुलीने पाच आठवडे एकही फोटो दिला नाही, फक्त 'मी काढला असता तर' अशी वर्णनं आवाजी संदेशातून पाठवली. त्या गटातली सगळ्यात ठसठशीत चित्रं तिचीच होती.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. हा गट वेगळा होता आणि तेव्हा हे युद्धही नव्हतं. आम्ही छोटं प्रदर्शन भरवलं होतं. चेहरा नाही, नाव नाही, पाटी नाही, सगळं तपासलं होतं. एका फोटोत नुसता रिकामा बाक आणि खालच्या हिरव्या-पांढऱ्या फरश्या होत्या. बघायला आलेल्या एका बाईंनी फरशा ओळखल्या, कारण त्या स्वतः त्याच दवाखान्यात दुसऱ्या विभागात जायच्या. बाकावर ठेवलेली पिशवीही ओळखली, ती त्यांच्या भाचीची होती. भाची पुन्हा गटात आली नाही. मी तो फोटो शंभर वेळा पाहिला होता. पण मी त्या शहराचा नव्हतो, म्हणून मला फरशा या फरशाच दिसल्या.

तेव्हापासून नियम केला: गटाबाहेर जाणारा प्रत्येक फोटो त्याच शहरातल्या एका विश्वासू माणसाने, मोठा करून, कोपरा न् कोपरा बघायचा. फोटोला चिकटलेली जागेची आणि वेळेची माहिती काढून टाकणारी साधनं आहेत, ती वापराच. पण खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, समोरच्या इमारतीचा आकार, जिन्याच्या कठड्याची नक्षी, शाळेच्या दप्तराचा रंग या गोष्टी कुठलंही साधन काढत नाही. गंमत म्हणजे सैन्याला ज्या कारणासाठी आकाशरेषा फोटोत नको असते, त्याच कारणासाठी या मुलांनाही ती नको असते. एकच नजर दोन्हीकडे कामाला येते.

आता पद्धत. 'फोटोव्हॉइस' हे नाव तुम्ही वापरलंय. कॅरोलाइन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात गावातल्या बायकांच्या हाती कॅमेरे देऊन ही पद्धत उभी केली. तिच्यामागे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा शिक्षणविचार आहे आणि स्त्रीवादी विचारही. चर्चेला पाच ठरलेले प्रश्न असतात: इथे काय दिसतं, खरं काय चाललंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. पहिले तीन छान चालतात. चौथा मी युद्धात विचारत नाही. 'हे असं का आहे' याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, ते एका शब्दाचं असतं, आणि तो शब्द आला की बोलणं तिथेच थिजतं. पाचवा तर निर्दयच होतो. बारा तास वीज नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला 'तू काय करू शकतेस' असं कोणत्या तोंडाने विचारायचं? त्या दोघांच्या जागी मी एकच प्रश्न ठेवतो: चौकटीच्या बाहेर, अगदी लागून, काय होतं? खिडकीच्या फोटोला एका मुलाने उत्तर दिलं, 'बाबांचा हात. ते मला खिडकीपासून मागे ओढत होते.'

विषय देताना 'तुझी भीती दाखव', 'तुझं युद्ध दाखव' असलं काही देऊ नका. जखम कोरायला सांगण्यासारखं आहे ते. मी देतो ते विषय असे: तुझा फोन जिथे चार्ज होतो ती जागा. कुणीतरी तुझ्यासाठी राखून ठेवलेली वस्तू. बदललं नाही असं काहीतरी. चार्जिंगचा विषय ऑक्टोबर २०२२ नंतर वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आपसूक सुचला. एका फोटोत एका सॉकेटमधून निघालेल्या सात वायरी होत्या आणि खाली ओळ: 'यातली तिसरी माझी, आणि मला एकटीलाच ती नऊच्या आत हवी असते.'

पहिल्या दोन आठवड्यांत मात्र ठरावीक फोटो येतीलच. तळहातावर गोळी, एड्सची खूण असलेली लाल फीत, खिडकीत पाठमोरी आकृती. नाक मुरडू नका. एचआयव्हीचं चित्र म्हणून जगाने त्यांना तेच दाखवलंय. १९९० मध्ये ओहायोत मरणासन्न डेव्हिड कर्बीचा कुटुंबीयांसह टिपलेला फोटो 'लाइफ' मासिकात आला आणि १९९२ मध्ये कपड्यांच्या एका कंपनीच्या जाहिरातीतही झळकला. त्याआधी १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात निकोलस निक्सन यांच्या एड्सग्रस्तांच्या फोटोंसमोर एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अ‍ॅक्ट अप या गटाने निदर्शनं केली होती. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला नुसतं झिजताना दाखवू नका, आम्ही चिडतो, प्रेम करतो, भांडतो, तेही दाखवा. औषधं आली, काळ बदलला, पण चित्रातलं अंथरूण अजून तसंच आहे. मुलांना हा इतिहास थोडक्यात सांगा. तिसऱ्या आठवड्यापासून फोटो बदलतात.

संमतीबद्दल बोलायचं तर पुस्तकी अर्ज इथे तोकडा पडतो. सज्ञान नसलेल्यांसाठी पालकांची सही लागते. पण ज्या मावशीकडे मूल सध्या राहतंय तिला त्याच्या एचआयव्हीबद्दल माहीतच नसेल तर? अर्जाच्या मथळ्यात 'एचआयव्ही' लिहिलंत की तुम्हीच ती बातमी फोडलीत. युक्रेनमध्ये चौदा वर्षांवरील मूल स्वतःच्या संमतीने एचआयव्ही तपासणी करू शकतं. म्हणजे घरच्यांना ठाऊक नसणं हे तिथल्या व्यवस्थेनेही गृहीत धरलेलं आहे. 'युवा छायाचित्र गट' एवढंच नाव द्या. ते खोटंही नाही. संमती तीन वेगवेगळ्या गोष्टींना घ्या: फोटोला, खालच्या ओळींना, आणि प्रत्येक नव्या वापराला. 'कधीही मागे घेता येईल' हे वाक्य इंटरनेटवर टाकलेल्या फोटोबाबत लिहू नका, कारण ते खरं नसतं. मुलांना तसं स्पष्ट सांगितलं की ती बऱ्याचदा स्वतःच म्हणतात, मग नको.

आणि नको म्हटलं की नको. टीनर्जायझर या युवा संस्थेच्या संस्थापक याना पानफिलोवा जन्मतः एचआयव्हीसह जगतात. जून २०२१ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय सभेत उघडपणे बोलल्या. त्यांच्यामुळे तिथल्या मुलांना बळ मिळालं, यात शंका नाही. पण बाहेरच्या संस्थांची अपेक्षा मग अशी होऊन बसते की गटातल्या निदान एकाने तरी चेहरा दाखवावा. 'एक तरी खरा चेहरा असता तर परिणाम झाला असता', हे मी तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा म्हणणारा माणूस चांगल्या मनाचा होता.

तुमच्या गटात देशात राहिलेले आणि बाहेर गेलेले, दोन्ही आहेत. हा तुमच्यासाठी सगळ्यात नाजूक भाग. मुली बाहेर पडू शकल्या. लष्करी कायदा लागू झाल्यापासून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना बंदी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना सीमा ओलांडायची मुभा मिळाली. तुमच्यातले काही त्या वयाचे असतील, आणि जायचं की नाही हा विचार त्यांच्या घरात चालू असेल. बाहेर गेलेल्यांच्या फोटोत बाग, ट्राम, दुकानातली फळं येतात. मग अपराधी वाटून ते फोटो पाठवायचंच थांबवतात. यावर एक उपाय मला लागू पडला. एक आतला, एक बाहेरचा अशा जोड्या लावा आणि दोघांनी एकाच वेळी, गोळीच्या वेळी, समोर जे असेल ते टिपायचं. निवड करायची मुभाच नाही. एका जोडीत पोलंडमधल्या वॉर्साचं वसतिगृहातलं स्वयंपाकघर आणि युक्रेनमधल्या द्निप्रो शहरातलं स्वयंपाकघर शेजारी-शेजारी आली. दोन्हीकडे सिंकमध्ये न धुतलेला एक कप होता. बाहेर गेलेल्यांची गोळी पुष्कळदा बदलते, रंग वेगळा, आकार वेगळा. जुन्या गोळीची आठवण काढून कुणी रडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण तेही पाहिलं.

बैठकीबद्दल दोन गोष्टी घाईत. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको, व्हिडिओची सक्ती नको, वीज जाते. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की उठायचं, माफी मागायची नाही, आणि परत आल्यावर 'काय झालं' असं कुणी विचारायचं नाही. तुम्ही समुपदेशक आहातच, तरी गट चालवणारा आणि आधार देणारा अशी दोन माणसं वेगळी ठेवा. फोटो बघताना एखादं मूल बोलायचं थांबलं तर दुसऱ्या माणसाने लगेच त्याच्याशी वेगळं बोलायला हवं.

यातून काय निघतं, असा तुमचा प्रश्न होता. एका तपासणी अहवालाचा फोटो सांगतो. कागदावर मुलाचा अंगठा आहे. अंगठ्याखाली नाव झाकलंय. दुसऱ्या हाताच्या बोटांनी बारकोड, प्रयोगशाळेचं चिन्ह आणि तारीख झाकलीय. उघडे आहेत फक्त दोन शब्द: 'आढळला नाही'. व्हायरल लोड मोजता न येण्याइतका कमी असेल आणि तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातून विषाणू दुसऱ्याला जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात ७८२ जोडप्यांमधल्या सुमारे ७६ हजार निरोधाशिवायच्या संबंधांत पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही. मुलाला हे आकडे माहीत नव्हते. त्याला फक्त ते दोन शब्द कुणाला तरी दाखवायचे होते, आणि बाकी कागद कसा धरायचा हे कुणी शिकवावं लागलं नाही.

तो फोटो गटाबाहेर गेला नाही. त्या गटातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की प्रदर्शन करायचं ते फक्त दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठी, त्यांच्या खोलीत, एका दुपारपुरतं. बाई आल्या, बघितलं, चहा झाला, फोटो उतरवले. तुमच्या संस्थेला अहवालात लावायला यातून काहीच मिळणार नाही, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

फोटो कुणाकडे राहणार, कोणत्या तारखेला पुसणार आणि कोण पुसणार, हे पहिल्या बैठकीत लिहून काढा. आणि त्या त्या शहरातला फोटो तपासणारा माणूस आधी शोधा. पोलंड-जर्मनीतल्या मुलांसाठीही तो त्यांच्या मूळ शहरातलाच हवा, कारण ओळखणारे लोक तिथे आहेत. तो मिळेपर्यंत पहिली बैठक लावू नका.